मनाचें ओझें आणि हातावरची जखम

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. नांवगांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची विनंति आहे, व ती रास्तच आहे. त्यांच्या सासूबाईंस स्मृतिभ्रंशाचा विकार जडून पांच वर्षें झालीं. सासूबाई अपरात्रीं उठून बाहेरच्या दाराची कडी काढूं पाहतात. पानावरून उठून घटका झाली नाहीं तोंच ‘सकाळपासून मला उपाशी ठेवलें आहे’ असें शेजारणीस सांगतात. आणि जी सून त्यांस न्हाऊंमाखूं घालते तिच्याकडेच बोट दाखवून ‘ही बाई कोण?’ म्हणून विचारतात. या भगिनी लिहितात: ‘हल्लीं मला महिन्याआड पडसें होतें, खोकला तीन तीन आठवडे हटत नाहीं, वरचेवर तोंड येतें. सर्व तपासण्या केल्या, त्यांत कांहीं निघालें नाहीं. घरांतील मंडळी म्हणतात, तूं मनाला फार लावून घेतेस. मन खंबीर ठेव म्हणजे सारें ठीक होईल. मनाचा आणि पडशाचा खरोखरच कांहीं संबंध आहे काय? आणि असल्यास, माझें मन दुबळें म्हणून मी आजारी पडतें, असा त्याचा अर्थ समजावयाचा काय?’

प्रश्न दोन आहेत. पहिल्याचें उत्तर ‘होय’ असें आहे आणि दुसऱ्याचें ‘नाहीं’ असें आहे. या दोन उत्तरांमधील अंतर नीट न समजल्यामुळें कित्येक घरांत आजारी माणसावर व त्याची सेवा करणारावर नकळत अन्याय होत असतो. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही या एकाच विषयास दिलें आहे.

मनाचा शरीरावर परिणाम होतो ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निरनिराळ्या वर्गांतील सर्वश्रेष्ठ गोष्टींची एक यादी आहे. तीत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादास अग्रस्थान दिलें आहे. ‘चिंता चितेसमान’ हें तर आपल्या आज्या नेहमींच म्हणत आल्या. परंतु अनुभवाचें बोल आणि शास्त्राचा पुरावा यांत भेद आहे. चिंतेनें माणूस खंगतो हें सर्वांस दिसत होतें. तो कोणत्या मार्गानें खंगतो, हें मात्र गेल्या शंभर वर्षांच्या आंतच थोडें थोडें उलगडत गेलें.

प्रथम शरीराची संरक्षणव्यवस्था थोडक्यांत पाहूं. आपल्या रक्तांत तांबड्या पेशींप्रमाणें पांढऱ्या पेशीही असतात. त्यांचा जन्म अस्थिमज्जेंत होतो. त्यांपैकीं कांहीं छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथींत तयार होतात, आणि प्लीहा, मानेंतील व काखेंतील लसिकाग्रंथि अशा ठिकठिकाणीं त्यांचीं ठाणीं असतात. कांहीं पेशी आलेल्या जंतूंस सरळ गिळून टाकतात. कांहीं जंतु ओळखून ठेवतात व त्याला नेमकीं लागू पडणारीं प्रतिपिंडें तयार करतात. कांहीं रोगट झालेल्या पेशींचा नाश करतात. जखम झाली म्हणजे हींच मंडळी प्रथम धांवून येतात, घाण साफ करतात आणि नवी त्वचा घडविणाऱ्यांस रासायनिक निरोप धाडतात. जखम तांबूस होते, किंचित् सुजते, ऊन लागते, ती हीच धांवपळ होय.

पुष्कळ काळपर्यंत वैद्यकांत असें समजत कीं, ही व्यवस्था आपली आपण चालते; मेंदूशीं तिचा संबंध नाहीं. या समजुतीस पहिला धक्का १९३६ सालीं बसला. कॅनडांतील माँट्रियल येथें हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानें उंदरांस थंडी, इजा, अतिश्रम असे नाना प्रकारचे त्रास देऊन पाहिलें. त्रास कोणताही असो, परिणाम एकच: मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथि मोठ्या झाल्या आणि थायमस, प्लीहा व लसिकाग्रंथि आकसल्या. म्हणजे ताण एकीकडे, आणि आकसलें तें संरक्षणाचें ठाणें! पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील फिलिप हेंच यांनीं अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिझोन हें द्रव्य सांधेदुखीच्या एका रुग्णास टोंचून पाहिलें, तेव्हां अंथरुणास खिळलेलें माणूस थोड्याच दिवसांत चालूं लागलें. १९५० सालचें नोबेल पारितोषिक या कामाबद्दल हेंच, केंडल व राइकश्टाइन या तिघांस मिळालें. या सांधेदुखींत शरीराचे रक्षकच सांध्यांवर उलटलेले असतात, आणि कॉर्टिझोननें ते शांत होतात. ताणाच्या वेळीं आपल्या रक्तांत वाढणारें कॉर्टिसोल हें याच द्रव्याचें सख्खें भावंड आहे. तेव्हां दीर्घ चिंतेनें रक्षक मंदावत असतील, या तर्कास येथें बळकट आधार मिळाला.

तिसरी गोष्ट तर अगदीं नवलाची आहे. १९७५ सालीं रॉचेस्टर येथें रॉबर्ट एडर व निकोलस कोहेन यांनीं उंदरांस साखरेऐवजीं सॅकरिन घातलेलें गोड पाणी पाजलें व लगेच प्रतिकारशक्ति दडपणारें एक औषध टोंचलें. पुढें औषध न देतां नुसतें गोड पाणी दिलें, तरी त्या उंदरांच्या शरीरांत प्रतिपिंडें कमी झालीं. गोडीची आठवण मेंदूंत, आणि परिणाम रक्तांत! हीं दोन्ही आपापलीं स्वतंत्र राज्यें असतीं तर असें घडणेंच शक्य नव्हतें. त्यानंतर १९८१ सालीं डेव्हिड फेल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें तों मज्जातंतूंचे धागे संरक्षणाच्या ठाण्यांत थेट पांढऱ्या पेशींपर्यंत पोंचलेले दिसले. म्हणजे निरोप जाण्यास रक्ताची वाट तर आहेच, शिवाय तारही जोडलेली आहे.

आतां उंदरांचें पुरे, माणसांकडे वळूं. १९७७ सालीं ऑस्ट्रेलियांतील रॉजर बार्ट्रॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पति किंवा पत्नी नुकतीच गमावलेल्या २६ जणांचें रक्त तपासलें. दुःखाच्या पहिल्या पंधरवड्यांत फारसा फरक दिसला नाहीं. परंतु त्यानंतर सहा आठवड्यांनीं पुन्हां पाहिलें तेव्हां पांढऱ्या पेशींची तत्परता मंदावलेली आढळली. त्यांची संख्या कमी झाली नव्हती. शिपाई तितकेच होते, पण हांक मारल्यावर ते उठत नव्हते. आपल्याकडे तेरावा-चौदावा झाला, पाहुणे पांगले, कीं दुखवट्याचें घर सांवरलें असें आपण समजतों. वरील निरीक्षण असें सुचवितें कीं, शरीराचा दुखवटा कित्येकदां त्यानंतर सुरू होतो. पाहुणे परत गेल्यावरच त्या घरीं जाण्याची खरी गरज असते.

पडशाच्या प्रश्नाचें सरळ उत्तर इंग्लंडांत मिळालें. सॉल्झबरी गांवाजवळ १९४६ पासून १९९० पर्यंत केवळ पडशाचा अभ्यास करणारें एक सरकारी केंद्र होतें. तेथें शेल्डन कोहेन यांनीं ३९४ निरोगी माणसांस आधीं त्यांच्या आयुष्यांतील अडचणी, चिंता व मनःस्थिति यांविषयीं विचारून घेतलें, आणि मग त्यांच्या संमतीनें पडशाच्या पांच विषाणूंपैकीं एकाचे थेंब त्यांच्या नाकांत सोडले. सर्वांस तोच प्रसंग, तेच थेंब! १९९१ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, ज्यांच्यावर ताण सर्वांत कमी त्यांच्यापैकीं शेंकडा २७ जणांस पडसें झालें, आणि ज्यांच्यावर सर्वांत अधिक त्यांच्यापैकीं शेंकडा ४७ जणांस झालें. १९९८ सालीं याच संशोधकांनीं असें दाखविलें कीं, चार दिवसांची कटकट फारसें बिघडवीत नाहीं. महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ रेंगाळणारी नोकरीची अथवा आपल्या माणसांतील अडचण हीच खरी बाधक असते.

परंतु आमच्या पत्रलेखिकेस सर्वांत जवळचा वाटेल असा प्रयोग अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठांत झाला. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर या मानसशास्त्रज्ञ व त्यांचे पति रोनाल्ड ग्लेझर हे विषाणुशास्त्रज्ञ. या दांपत्यानें घरांतील स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या, आणि त्यांच्याच वयाच्या व तशाच परिस्थितींतील, पण डोक्यावर तो भार नसलेल्या, दुसऱ्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटर रुंदीची, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढी, एक सारखी जखम केली. तिचीं छायाचित्रें घेतलीं, आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून फेंस येतो कीं नाहीं तें वरचेवर पाहिलें. फेंस येईनासा झाला म्हणजे जखम भरली. भार नसलेल्या स्त्रियांस त्याला सरासरी ३९ दिवस लागले. सेवा करणाऱ्या स्त्रियांस सुमारें ४९ दिवस लागले. ही हकीकत १९९५ सालीं ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली. जखम तीच, औषध तेंच. नऊ-दहा दिवसांचा फरक घरांतून आला होता.

पुढच्याच वर्षीं त्यांनीं लशीचा प्रयोग केला. अशाच आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या ३२ व इतर ३२ माणसांस इन्फ्लुएंझाची लस टोंचली. इतरांपैकीं शेंकडा ६६ जणांच्या शरीरानें लशीस पुरेसा प्रतिसाद दिला. सेवा करणारांपैकीं शेंकडा ३८ जणांच्याच. १९९८ सालीं दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळ्यावर तशीच बारीक जखम एकदां उन्हाळ्याच्या सुटींत व एकदां परीक्षेच्या तीन दिवस आधीं करण्यांत आली. परीक्षेच्या वेळीं ती भरण्यास सरासरी तीन दिवस अधिक लागले, आणि सुटींतल्याइतक्या लौकर ती एकाचीही भरली नाहीं. २००५ सालीं ४२ जोडपीं घेऊन पाहिलें, तेव्हां प्रेमानें बोलल्यानंतरच्या जखमेपेक्षां वादानंतरची जखम उशिरां भरली. आणि ज्या जोडप्यांच्या बोलण्यांत एकमेकांविषयीं कडवटपणा भरलेला होता, त्यांची जखम इतरांच्या मानानें शेंकडा ६० एवढ्याच वेगानें भरत होती. संसारांतील बोलणें हवेंत विरून जातें असें आपण समजतों. तें रक्तांत उतरत असतें.

हें घडतें कसें? संकट दिसलें म्हणजे मेंदूंतून अधिवृक्क ग्रंथीस आज्ञा जाते व कॉर्टिसोल रक्तांत येतें. त्याचबरोबर मज्जातंतूंतूनही इशारे सुटतात. वाघ समोर आला, पळालों, सुटलों, अशा थोड्या वेळेच्या प्रसंगीं ही योजना उपयोगाचीच आहे. कांहीं रक्षक पेशी तेवढ्यापुरत्या अधिक सज्जही होतात. २००४ सालीं सुझान सेगरस्ट्रॉम व ग्रेगरी मिलर यांनीं मागील ३० वर्षांतील २९३ अभ्यास एकत्र तपासून हेंच सांगितलें: क्षणिक ताणानें संरक्षणाची पहिली फळी चढते, पण दीर्घकाळ व शेवट न दिसणाऱ्या ताणानें सारी व्यवस्थाच ढिली पडते. सासूबाईंचें दुखणें हा वाघ नव्हे. तो दारांत पांच वर्षें बसून आहे, आणि त्याच्यापासून पळतांही येत नाहीं. कारण तो आपल्याच माणसाच्या रूपानें आलेला आहे.

ही वाट एकेरी नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. ताप आला म्हणजे अन्न नकोसें वाटतें, कोणाशीं बोलूं नये असें होतें, डोळ्यांत उगीच पाणी येतें. तो स्वभावाचा दोष नसतो. रक्षक पेशींनीं सोडलेलीं सायटोकाइन नांवाचीं द्रव्यें मेंदूस ‘पडून राहा’ असा निरोप देत असतात. यकृताच्या एका विषाणुजन्य दुखण्यावर पूर्वीं इंटरफेरॉन हें याच जातीचें औषध देत, तेव्हां बऱ्याच रुग्णांस खरोखरीची खिन्नता जडत असे. म्हणजे मनानें शरीर आजारी पडतें, तसें शरीरानें मनही आजारी पडतें. दोघांच्या मध्यें भिंत नाहीं; एकच वाडा आहे.

येथवर पहिल्या प्रश्नाचें उत्तर झालें. आतां दुसरा. या शास्त्राचा अर्थ लावतांना फार मोठी चूक होण्याचा संभव असतो. १९८९ सालीं डेव्हिड स्पीगेल यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ज्या स्त्रिया दर आठवड्यास एकत्र बसून आपलें दुःख एकमेकींस सांगत, त्या इतरांपेक्षां अधिक काळ जगल्या. जगभर आशा उत्पन्न झाली. परंतु २००१ सालीं कॅनडांत २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणांत करून पाहिला, तेव्हां त्यांचें मन हलकें झालें, वेदनाही कमी जाणवल्या, पण आयुष्य वाढलें नाहीं. तेव्हां ‘मन प्रसन्न ठेव म्हणजे रोग पळेल’ असें सांगणें हें शास्त्र नव्हे. रोग बळावला म्हणजे ‘हिनें धीर धरला नाहीं’ असें म्हणणें तर निव्वळ क्रूरपणा होय. वरील सर्व प्रयोग पुन्हां वाचून पाहावे. त्यांत जखम उशिरां भरली ती दुबळ्या मनाच्या स्त्रियांची नव्हे. ज्यांच्या डोक्यावर भार होता त्यांची! मोजला तो भार मोजला. मग उपाय मनावर करावयाचा कीं भारावर?

हें लिहितांना आमच्याच घरांतील एक गोष्ट आठवते, व ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. आमच्या मातोश्रींचीं अखेरचीं सहा वर्षें अशाच अवस्थेंत गेलीं. त्या थोरल्या बंधूंकडे असत. बंधु दिवसभर नोकरीवर, आणि सर्व सेवा वहिनींच्या हातून होई. आम्ही दुसऱ्या गांवीं होतों. दिवाळीस व मे महिन्यांत चार दिवस जात असूं, आईजवळ बसत असूं, वहिनींच्या हातचें खात असूं, आणि निघतांना ‘वहिनी, तुम्ही आहांत म्हणून आम्हांस काळजी नाहीं’ असें म्हणत असूं. तें वाक्य त्या वेळीं आम्हांस कृतज्ञतेचें वाटे.

एका दिवाळीस गेलों तों वहिनींच्या आंगठ्यास चिंधी बांधलेली दिसली. नारळ खवतांना विळी लागली होती. ‘केव्हांचें हें?’ म्हणून विचारलें, तर म्हणाल्या, ‘नवरात्राच्या आधींचें.’ महिना उलटून गेला होता. आम्ही त्यांस डॉक्टरांकडे घेऊन गेलों. मधुमेह असेल म्हणून रक्त तपासलें. त्यांत कांहीं निघालें नाहीं. डॉक्टरांनीं जखम धुवून पट्टी बांधली व विचारलें, ‘रात्रीं सलग झोप किती तास मिळते?’ वहिनी थोड्या हंसल्या. ‘सलग अशी मिळाली त्याला किती वर्षें झालीं तें आठवत नाहीं.’ डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, ‘यांना पंधरा दिवस माहेरीं पाठवा.’

त्यावर आम्हीं काय केलें? बाहेर आल्यावर ‘वहिनी, तुम्ही मनाला फार लावून घेऊं नका’ असा उपदेश केला, आणि भाऊबीज झाल्यावर परत निघालों. रजा शिल्लक होती. मातोश्री पुढच्या वैशाखांत गेल्या. वहिनी माहेरीं गेल्या त्या त्यानंतर.

एका जखमेवरून सिद्धांत काढणें योग्य नव्हे, हें आम्ही जाणतों. हात सतत पाण्यांत होता, वयही झालें होतें. कारणें अनेक असूं शकतील. परंतु डॉक्टरांनीं लिहून दिलेलें एकच औषध आमच्या हातांत होतें, तें आम्हीं दिलें नाहीं. आणि जें दिलें त्याला आम्हांस पैचाही खर्च नव्हता. ‘मनाला लावून घेऊं नका’ हें वाक्य बहुधा तोच बोलतो ज्याला स्वतःच्या अंगावर कांहीं घ्यावयाचें नसतें.

म्हणून आतां जें सांगावयाचें तें पत्रलेखिकेपेक्षां त्यांच्या घरच्या मंडळींस अधिक आहे. पहिली गोष्ट झोपेची. शेल्डन कोहेन यांनींच २००९ सालीं १५३ जणांवर पडशाचा तसाच प्रयोग केला. सात तासांहून कमी झोपणारांस पडसें होण्याचा संभव आठ तास किंवा अधिक झोपणारांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. तेव्हां रात्रींच्या पाळ्या ठरवाव्या. आठवड्यांतून निदान तीन रात्री मुलानें आईच्या खोलींत निजावें, व त्या रात्रीं सुनेनें दुसऱ्या खोलींत दार लावून झोपावें. नोकरी करणाऱ्या पुरुषास जागरण सोसत नाहीं हें खरें; परंतु तें स्त्रीस सोसतें असें कोणत्याही शास्त्रांत लिहिलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट सुटीची. दूर राहणाऱ्या मुलामुलींनीं चार दिवस पाहुणे म्हणून येण्याऐवजीं पंधरा दिवस राखण म्हणून यावें, आणि सेवा करणारीस घराबाहेर पाठवावें. तें शक्य नसेल त्यांनीं दरमहा पगारी मदतनीसाचा खर्च उचलावा. हा उपकार नव्हे; वांटणी आहे. वडिलोपार्जित घराची वांटणी करतांना ज्यांस आपला हिस्सा अचूक आठवतो, त्यांस या हिश्श्याचाही विसर पडूं नये.

तिसरी गोष्ट माणसांची. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पडशाच्या आणखी एका प्रयोगांत २७६ माणसें होतीं. ज्यांचे संबंध एक ते तीन प्रकारच्या माणसांपुरतेच उरले होते, त्यांस पडसें होण्याचा धोका, सहा किंवा अधिक प्रकारचीं नातीं राखून असलेल्यांच्या चौपटींहून अधिक आढळला. नुसती सून, नुसती परिचारिका होऊन राहिलेल्या बाईस पुन्हां मैत्रीण, बहीण, भजनी मंडळांतील सोबतीण, वाचनालयाची सभासद होऊं द्यावें. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं तासभर ती घरीं नसली तर आकाश कोसळत नाहीं.

पत्रलेखिकेस स्वतःपुरतें एवढेंच सांगतों. वरचेवर येणारें दुखणें ‘मनाचें’ म्हणून सोडून देऊं नये; वजन घटलें, ताप राहूं लागला, तोंडांतील जखम तीन आठवडे भरली नाहीं, तर पुन्हां तपासून घ्यावें. इन्फ्लुएंझाची लस डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावी. प्रतिसाद थोडा मंद आला तरी न घेण्यापेक्षां तें बरें. आणि सकाळीं उठतांनाच जगणें नकोसें वाटूं लागलें, कशांतच गोडी उरली नाहीं, असें दोन आठवडे राहिलें, तर तो आळस नव्हे व स्वभावही नव्हे. तें दुखणें आहे आणि त्यावर उपचार आहेत. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘टेली-मानस’ नांवाची दूरध्वनि-सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें, व मराठींतही बोलतां येतें. मनाचें दुखणें सांगण्यास लाज कसली? पडसें झालें हें आपण शेजारणीस सांगतोंच कीं!

भगिनी, तुमचें मन दुबळें नाहीं. दुबळें मन पांच वर्षें असें काम करूं शकत नाहीं. तुमच्या शरीरानें तुमच्यापाशीं, आणि तुमच्यामार्फत तुमच्या घरापाशीं, एक तक्रार केली आहे, व ती वाजवी आहे. हा अंक घरांतील मंडळींच्या हातीं देण्यास तुम्हांस संकोच वाटत असेल, तर या पानाशीं उघडून दिवाणखान्यांत ठेवून द्यावा. आमच्या वहिनींसाठीं असें कोणीं लिहून ठेवलें असतें, तर कदाचित् आम्ही ती रजा घेतली असती.